विधिसंघर्षग्रस्त बालकांच्या कुटुंबांसाठी मोबाइल साहाय्य (शिरूर व दौंड)

गुन्ह्याचा आरोप असलेल्या, १८ वर्षांखालील मुलाला आत्महत्येपासून वाचवण्यासाठी त्याच्या कुटुंबाला फोन वा ॲपवरून मिळणारा आधार. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार ताब्यातील मुलाला २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. पुणे जिल्ह्याचे मंडळ पुणे शहरातील येरवड्यात आहे. भीमाकाठच्या दौंडहून किंवा घोडकाठच्या शिरूरहून तिथे जायचे, तर पालकांचा दिवस आणि रोजगार दोन्ही बुडतात. अशा घराला समुपदेशक हातातल्या फोनवर भेटतो.

केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत, चोवीस तासांची सेवा (१४४१६) १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचे ॲप २०२४ मध्ये आले. समुपदेशकाशी मराठीत बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मुलाची ओळख माध्यमांतून उघड करण्यास कायद्याने मनाई आहे.

जामिनावर घरी आलेला मुलगा गप्प झाला, जेवेनासा झाला, ‘मी नसलेलाच बरा’ म्हणू लागला, तर ते नाटक समजू नये. फवारणीचे औषध कुलपात ठेवावे, मुलाला एकटे सोडू नये आणि लगेच १४४१६ वर फोन लावावा.