भाग नवे, विंडोज जुनी

घरातला संगणक हा फ्रिजसारखा एकदा घ्यायचा आणि बंद पडेपर्यंत तसाच वापरायचा जिन्नस नव्हे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडून घेतलेल्या ‘असेंबल्ड’ संगणकांच्या काळात तर दर दोन-तीन वर्षांनी त्यात काही ना काही बदलले जाई. कधी रॅमची एक पट्टी वाढे, कधी मोठी हार्डडिस्क येई, कधी मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही एकदम नवे बसत. डबा तोच, पडदाही बहुधा तोच. या उलथापालथीत आत वस्तीला असलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमचे काय होते, याचा विचार मात्र बहुतेक घरांत निळा पडदा समोर उभा राहिल्यावरच होत असे. आज सुट्या भागांची जागा पुष्कळशी लॅपटॉपने घेतली असली, तरी जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवताना किंवा नव्या विंडोजकडे जाताना हेच प्रश्न पुन्हा पडतात.

ऑपरेटिंग सिस्टीम तयार होते त्या वेळी बाजारात असलेली यंत्रे आणि पुढच्या काही वर्षांत येऊ शकतील अशी यंत्रे डोळ्यांसमोर ठेवून तिची रचना केलेली असते. यंत्रे त्या अंदाजाच्या पुढे गेली, की गंमत सुरू होते. विंडोज ९५ ला तर निव्वळ वेगच झेपला नाही. एएमडी कंपनीचा के६-२ हा प्रोसेसर ३५० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक वेगाचा बसवला, की अनेक संगणकांवर विंडोज सुरू होताना कोसळे. यंत्राचा वेग अजमावण्यासाठी विंडोज एक छोटी आज्ञा ठरावीक वेळा फिरवून पाही. हा प्रोसेसर ते काम इतक्या चटकन उरके, की लागलेला वेळ शून्य भरे आणि पुढे त्या शून्याने भागाकार करायची पाळी येई. दोष नव्या प्रोसेसरचा नव्हता, पण बोल त्यालाच लागला.

विंडोज ९८ ची तऱ्हा याहून विचित्र. ५१२ मेगाबाइटपेक्षा जास्त रॅम बसवली, तर मेमरी अपुरी असल्याचा संदेश येऊ शके! डिस्कवरील मजकूर हाताशी ठेवण्यासाठी विंडोज जो कॅश राखून ठेवी, तो रॅमच्या प्रमाणात फुगत जाई आणि इतर कामांसाठी लागणारे पत्तेच उरत नसत. एका सेटिंग्जच्या फाइलीत त्या कॅशला मर्यादा घालून दिली, की संगणक सुरळीत चाले. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीच्या मूळ आवृत्तीला १३७ गिगाबाइटपलीकडची हार्डडिस्क पूर्ण दिसत नसे. २००२ च्या सर्व्हिस पॅक १ ने ती अडचण दूर केली. मूळ सीडी हाती असलेल्या अनेकांना मात्र मोठी डिस्क घेऊनही तिचा बराचसा भाग गायब असल्याचे दिसे. त्यानंतर आली चार गिगाबाइट रॅमची कथा. ३२-बिट विंडोजमध्ये एवढी रॅम बसवूनही सव्वातीन गिगाबाइटच्या आसपासच आकडा दिसे. दुकानदाराने फसवले असा ग्राहकाचा समज होई. वास्तविक ३२-बिट पद्धतीत पत्तेच चार गिगाबाइटपुरते असतात आणि त्यांतले काही ग्राफिक्स कार्ड व इतर उपकरणांना द्यावे लागतात. नवा भाग घेण्यापूर्वी तो संगणकात बसतो का हे जसे पाहावे, तसेच तो विंडोजला दिसतो का हेही पाहावे लागते. आजही जुन्या एमबीआर पद्धतीने विभागणी केलेल्या डिस्कवर दोन टेराबाइटपलीकडची जागा वापरता येत नाही, त्यासाठी जीपीटी ही नवी पद्धत लागते.

मदरबोर्ड बदलला, की...

रॅम, ग्राफिक्स कार्ड, डीव्हीडी ड्राइव्ह यांचे बदल विंडोज सहसा निभावून नेते. मदरबोर्डचे तसे नाही. विंडोज सुरू होताना तिला सर्वांत आधी डिस्क वाचावी लागते आणि डिस्कपर्यंत जाण्याचा रस्ता मदरबोर्डवरील कंट्रोलरमधून जातो. त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर विंडोजने आधीच्या मदरबोर्डप्रमाणे बसवून घेतलेला असतो. मदरबोर्ड बदलला, की तो निरुपयोगी ठरतो. नवा ड्रायव्हर डिस्कवर असला तरी डिस्कच वाचता येत नाही. किल्ली घराच्या आत राहावी आणि दार ओढले जावे, तसा हा प्रकार. एक्सपीच्या काळात अशा वेळी निळ्या पडद्यावर ७बी या आकड्याने संपणारी चूक दिसे. मग सीडीवरून संगणक सुरू करायचा, परवान्याच्या अटी मान्य करायच्या आणि आर हे अक्षर दाबून ‘रिपेअर’ करायचे. या दुरुस्तीत आपल्या फाइली आणि प्रोग्रॅम जागच्या जागी राहत आणि विंडोज नव्या मदरबोर्डची ओळख करून घेई. सरसकट फॉरमॅट मारण्याचा सल्ला देणाऱ्या तंत्रज्ञांना हा मार्ग ठाऊक नसे, किंवा त्यात वेळ जातो म्हणून ते तो टाळत.

साटा डिस्क आल्यावर आणखी एक कसरत वाढली. एक्सपीच्या सीडीत अनेक साटा कंट्रोलरचे ड्रायव्हरच नव्हते. ते फ्लॉपीवर घेऊन, विंडोज बसवायला सुरुवात होताच एफ६ ही कळ दाबून पुरवावे लागत. फ्लॉपी ड्राइव्ह बाजारातून नाहीसा होत असतानाच त्याची अशी गरज पडावी, हा त्या काळाचा विनोद होता. विंडोज ७ वर हीच वेळ वेगळ्या रूपात आली. इंटेलच्या २०१५ मधील ‘स्कायलेक’ पिढीबरोबर आलेल्या मदरबोर्डांतून यूएसबीचा जुना कंट्रोलर काढून टाकण्यात आला आणि विंडोज ७ ला नवा कंट्रोलर ओळखता येत नव्हता. परिणामी विंडोज बसवताना यूएसबीचा माउस आणि कीबोर्ड दोन्ही मुके होत. विंडोज ८ आणि विशेषतः विंडोज १० यांनी या बाबतीत बरीच प्रगती केली. एका संगणकातली डिस्क दुसऱ्यात बसवली तरी विंडोज १० बहुतेक वेळा सुरू होते, थोडा वेळ घेऊन नवी उपकरणे ओळखते आणि उरलेले ड्रायव्हर इंटरनेटवरून आणते. तरीही मदरबोर्डवरील नेटवर्कचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवणे शहाणपणाचे, कारण इंटरनेटच नसेल तर बाकीचे येणार कुठून?

परवाना कोणाचा, यंत्राचा की माणसाचा?

तांत्रिक अडचण सुटली तरी कायदेशीर बाजू उरते. एक्सपीपासून मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ ही पद्धत आणली. प्रोसेसर, हार्डडिस्क, ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, रॅमचे प्रमाण अशा दहा घटकांवरून एक्सपी यंत्राची खूण तयार करी. एखाद-दुसरा भाग बदलला तर ती कानाडोळा करी, पण बदल वाढत गेले की पुन्हा परवानगी घ्यावी लागे. यात नेटवर्क कार्डाचे वजन सर्वांत अधिक होते. ते कायम असेल तर इतर बदलांना बरीच सूट मिळे. म्हणूनच जुने नेटवर्क कार्ड नव्या मदरबोर्डवर मुद्दाम बसवून घेण्याची युक्ती जाणकार सांगत.

परवान्याचा प्रकार हा यातला खरा कळीचा मुद्दा आहे आणि खरेदीच्या वेळी तोच विचारला जात नाही. दुकानातून स्वतंत्र घेतलेला ‘रिटेल’ परवाना जुन्या संगणकावरून काढून नव्यावर नेता येतो. संगणकासोबत येणारा स्वस्त ‘ओईएम’ परवाना त्या यंत्राशीच बांधलेला असतो आणि यंत्र म्हणजे मदरबोर्ड असा त्याचा व्यवहारातला अर्थ आहे. रॅम, डिस्क, अगदी प्रोसेसर बदलला तरी हा परवाना चालतो. मात्र हौसेने मदरबोर्ड बदलला की तो संपतो. बिघडलेला मदरबोर्ड दुरुस्तीत बदलला, तर त्याला अपवाद आहे. दोन प्रकारांतला किमतीचा फरक पाहून ओईएम घेणे चुकीचे नाही, पण जो माणूस दर तीन वर्षांनी मदरबोर्ड बदलतो, त्याला तो दीर्घकाळात महागच पडतो. विंडोज १० मध्ये २०१६ पासून परवाना आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येऊ लागला. मोठा बदल करण्याआधी ही जोडणी झालेली असेल, तर नंतर अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर ‘अलीकडे हार्डवेअर बदलले’ असे सांगून परवाना पुन्हा सुरू करता येतो. भाग बदलल्यानंतर मात्र ही जोडणी करायची वेळ गेलेली असते.

विंडोजच्या गरजांचा इतिहास पाहिला, तर २०२१ पर्यंत त्यात एक तत्त्व दिसते. एक्सपीला किमान ६४ मेगाबाइट रॅम लागे, २००७ च्या व्हिस्टाने ती ५१२ वर नेली. व्हिस्टाच्या या भुकेमुळेच असंख्य घरांनी एक्सपी सोडली नाही आणि मायक्रोसॉफ्टला तिचा आधार ८ एप्रिल २०१४ पर्यंत चालू ठेवावा लागला. २००९ च्या विंडोज ७ ला एक गिगाबाइट पुरे होती आणि २०१५ च्या विंडोज १० लाही कागदोपत्री तेवढीच. म्हणजे मागणी होती ती वाढवता येण्याजोग्या गोष्टींची. रॅमची पट्टी घ्या, डिस्क बदला आणि पुढे चला.

ऑक्टोबर २०२१ मधील विंडोज ११ ने हे तत्त्व मोडले. चार गिगाबाइट रॅम आणि ६४ गिगाबाइट डिस्क या अटी किरकोळ आहेत. खरी अट टीपीएम २.० या सुरक्षा-चिपची आणि ठरावीक प्रोसेसरांची आहे. इंटेलचे साधारणतः २०१७ मधील आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीचे रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसरच मान्यताप्राप्त यादीत आले. टीपीएम अनेक संगणकांत असते, फक्त बायॉसमध्ये बंद ठेवलेले असते. ते चालू करता येते. प्रोसेसरचे काय? सातव्या पिढीच्या इंटेल संगणकात आठव्या पिढीचा प्रोसेसर बसवावा म्हटले, तर सॉकेटचे नाव एकच असूनही तो चालत नाही, मदरबोर्डच बदलावा लागतो. मग ओईएम परवान्याचाही प्रश्न येतो. याउलट पहिल्या रायझनच्या ‘एएम४’ मदरबोर्डांपैकी अनेकांवर बायॉस अद्ययावत करून पुढच्या पिढीचा प्रोसेसर थेट बसतो. २०१७ मध्ये घेतलेल्या दोन सारख्याच किमतीच्या संगणकांपैकी एकाला असा स्वस्त मार्ग मिळावा आणि दुसऱ्याला न मिळावा, यात ग्राहकाची हुशारी वा चूक काहीच नाही. आठ वर्षांचा, एसएसडी बसवलेला, घरच्या कामाला सहज पुरणारा संगणक केवळ यादीत नाव नाही म्हणून बाद व्हावा, हे पटणारे नाही. सुरक्षेचे कारण खोटे नसले, तरी त्याची किंमत ग्राहक भरतो आणि कचरा शहराच्या वाट्याला येतो.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळवण्यासाठी नोंदणीची सोय जाहीर झाली, पण तो मुदतवाढीचाच प्रकार. त्यापलीकडे जुने यंत्र चालवायचे तर लिनक्स हा प्रामाणिक पर्याय आहे. तेथे बहुतेक ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातच असतात, त्यामुळे डिस्क दुसऱ्या मदरबोर्डवर नेली तरी ती सहसा विनातक्रार सुरू होते आणि अ‍ॅक्टिव्हेशन नावाचा प्रकारच नाही. अर्थात तेथेही काळ थांबलेला नाही. ऑगस्ट २०२५ मधील डेबियन १३ ने ३२-बिट संगणकांसाठी स्वतंत्र इन्स्टॉलर देणे थांबवले. लिनक्स बसवण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून ते चालवून वाय-फाय, प्रिंटर, आवाज आणि मराठी कीबोर्ड तपासून घ्यावा. डिस्कवरील काहीही न बदलता हे करता येते.

मराठी घरांत आणखी एक जपणूक करावी लागते. विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये युनिकोड देवनागरी आली, तरी अनेक वर्षे पत्रे, लेख, लग्नपत्रिका, सोसायटीची इतिवृत्ते आपापल्या सांकेतिक मांडणीच्या जुन्या फाँटांत टंकली गेली. फॉरमॅट करताना विंडोजच्या फाँट फोल्डरमधले ते फाँट जातात आणि जपून ठेवलेल्या फाइली उघडल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. काही टंकलेखन-प्रोग्रॅम १६-बिट असल्याने ६४-बिट विंडोजवर मुळीच चालत नाहीत, तर काहींना प्रिंटरच्या जुन्या पोर्टावर लावायचे ‘लॉक’ लागते आणि ते पोर्ट आजच्या संगणकावर क्वचितच दिसते. तेव्हा डिस्क बदलण्याआधी कागदपत्रांबरोबर फाँट फोल्डरचीही प्रत काढावी आणि जुना संगणक चालू आहे तोवर महत्त्वाच्या फाइली युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवाव्यात. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला मूळ फाँटचे नाव सांगावे लागते, ते फाइलीच्या नावाजवळच लिहून ठेवलेले बरे.