किल्ला बघताना काय शोधायचं? : टेक्सासचा फोर्ट डेव्हिस

‘फोर्ट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तट, बुरूज, महादरवाजा येतो. टेक्सासमधल्या फोर्ट डेव्हिसला गेलात तर यातलं काहीच दिसणार नाही. मोकळं मैदान, एका बाजूला अधिकाऱ्यांच्या घरांची रांग आणि समोर शिपायांच्या बराकी. तटबंदी नाहीच. म्हणजे पहिला धडा इथेच: साधनातल्या शब्दाला आपला अर्थ चिकटवू नका.

मग लष्कराने हे ठाणं कशासाठी बसवलं? सॅन अँटोनियो ते एल पासो हा रस्ता राखण्यासाठी, १८५४ मध्ये. या कोरड्या मुलखात पाणी ज्याच्या हाती, वाट त्याच्या हाती. १८८० मध्ये अपाची नेता व्हिक्टोरिओविरुद्ध कर्नल ग्रीअर्सनने पाठलाग करण्याऐवजी पाणवठ्यांवर सैनिक बसवले. त्यामुळे तुमचा अभ्यास ठाण्याच्या आवारातच थांबला, तर मोहिमेचा अर्धा भाग सुटतो. नकाशावर झरे मांडून बघा.

आता माणसं. १८६७ मध्ये ठाणं पुन्हा वसलं ते कृष्णवर्णीय सैनिकांच्या नवव्या घोडदळामुळे. नुकतीच गुलामगिरी संपलेल्या समाजातले हे लोक अपाची आणि कोमांची यांच्याविरुद्ध लढत होते. इथे ‘पीडित’ आणि ‘सत्ताधारी’ असे दोन सरळ कप्पे करता येत नाहीत.

हेन्री फ्लिपरचं उदाहरण घ्या. वेस्ट पॉइंटमधून पदवी घेणारा हा पहिला कृष्णवर्णीय अधिकारी. १८८१ मध्ये याच ठाण्यावर त्याच्यावर लष्करी खटला चालला. अपहाराच्या आरोपातून तो सुटला, पण अधिकाऱ्याला न शोभणाऱ्या वर्तनासाठी दोषी ठरला आणि १८८२ मध्ये बडतर्फ झाला. १९४० मध्ये तो वारला. राष्ट्राध्यक्षांची माफी आली १९९९ मध्ये. निकालाचा कागद अस्सल आहे, पण अस्सल असणं आणि न्याय्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी.

शेवटचं. १८९१ मध्ये लष्कराने हे ठाणं सोडलं आणि १९६१ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. मधल्या सत्तर वर्षांत काही वास्तू टिकल्या, काहींचा नुसता पाया उरला. डागडुजी केलेली, सजवलेली खोली बघितलीत की लगेच त्या उघड्या पायांकडेही जा. कोणत्या काळाचं, कोणाचं घर पुन्हा उभं केलं आणि कोणाचं तसंच राहू दिलं, हा प्रश्न वहीत लिहा. संशोधनाचा विषय बरेचदा तिथेच सापडतो.