मनमाडच्या गच्चीवर अ‍ॅक्वापोनिक्स: दोन ड्रम, दहा मासे आणि एक जुना मोबाईल

आमच्या मनमाडमध्ये कुणाच्याही घरी गेलात तर आधी ड्रम दिसतात, मग माणसं. वागदर्डी धरण तळाला गेलं आणि पालखेड कालव्याचं आवर्तन लांबलं की नळाला पाणी येणार पंधरा-वीस दिवसांनी. असे कित्येक उन्हाळे आम्ही काढलेत. अशा गावात मी दोनशे लिटरचा एक ड्रम चक्क माशांना दिला. आई म्हणाली, "प्यायला पाणी नाही, आणि तू मासे पोहायला सोडतोस?"

प्रश्न बरोबरच होता. त्याचं उत्तर शोधताना मी एकदा मासे मारले, आणि एकदा ते मरता मरता वाचले. तुमचे मरू नयेत म्हणून हा लेख.

हे चालतं कसं?

मासे खातात आणि पाण्यात अमोनिया सोडतात, मुख्यतः कल्ल्यांतून. अमोनिया माशांना विषारी असतो. पण खडीवर वाढणारे नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, पण नायट्रेट हे झाडांचं खत. मोटर ड्रममधलं पाणी वर खडीत चढवते, झाडं खत शोषतात आणि पाणी खाली माशांकडे परत येतं. म्हणजे तुम्ही मासे पाळत नाही, झाडंही वाढवत नाही. तुम्ही जिवाणू पाळता! ही गोष्ट मला उशिरा कळली.

पाणी फिरत राहतं, त्यामुळे जातं ते फक्त वाफ होऊन आणि पानांवाटे. सावलीत ठेवलेल्या सिस्टीमला साधारणपणे रोज एकूण पाण्याच्या एक ते तीन टक्के भर लागते. माझ्याकडे मे महिन्यात रोज पाच-सहा लिटर टाकावं लागलं, एरवी दोन-तीन. कुंडीत घातलेलं पाणी बुडातून गच्चीवर वाहून जातं, तसं इथे होत नाही. हा हिशोब वहीत लिहून दाखवला तेव्हा आई गप्प झाली. पटलं असं मात्र अजून म्हणालेली नाही.

जुळणी

दोन निळे ड्रम घ्या, खाण्याच्या पदार्थांचे. केमिकलचा ड्रम कितीही धुतला तरी नको. एक ड्रम उभा ठेवायचा, तो माशांचा. दुसरा लांबीने अर्धा कापला की साधारण अर्धा चौरस मीटरचा वाफा मिळतो. तो विटांच्या ओट्यावर, माशांच्या ड्रमपेक्षा उंच बसवायचा, म्हणजे पाणी आपोआप खाली येईल. खडी आणि पाणी धरून हा वाफा दीड-दोनशे किलोचा होतो. गच्चीच्या मधोमध ठेवू नका, खाली भिंत किंवा बीम असेल तिथेच ठेवा. पत्र्यावर तर विचारही करू नका.

खडी 8 ते 20 मिलिमीटरची. आपल्याकडे क्रशरवर मिळते ती काळ्या बेसॉल्टची, आणि ती उत्तम. शंका असेल तर दोन खडे व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे आले तर चुनखडी आहे, ती पाण्याचा पीएच वर नेते. खडी धुवायला मात्र भरपूर पाणी लागतं. मी धुतलेलं पाणी निवळून पुन्हा वापरलं आणि शेवटचा गाळ कुंड्यांना घातला.

मोटर कूलरची, 18 वॉटची. टायमरवर पंधरा मिनिटं चालू, पंचेचाळीस मिनिटं बंद. वाफ्यात एक उभा पाईप ठेवायचा, खडीच्या वरच्या थरापेक्षा दोन इंच कमी उंचीचा. पाणी त्या पातळीला आलं की जास्तीचं खाली जातं. पाईपच्या तळाशी एक बारीक भोक ठेवलं की मोटर बंद झाल्यावर वाफा हळूहळू रिकामा होतो आणि मुळांना हवा मिळते. इंटरनेटवर सगळे बेल सायफन दाखवतात. तो दिसायला भारी आहे, पण नवशिक्याचा अर्धा महिना त्यातच जातो. ड्रममध्ये हात घालण्याआधी मोटरचा प्लग काढा. घरात गळती झाल्यावर लाईन तोडणारा ब्रेकर नसेल तर आधी तो बसवून घ्या.

मासे मारण्याची माझी पद्धत

पहिल्या दिवशी पाणी भरलं, दुसऱ्या दिवशी मासे सोडले. सहाव्या दिवशी सकाळी सात गोल्डफिश उलटे तरंगत होते. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. तेच तर फसवतं, कारण अमोनिया दिसत नाही.

खडीवर जिवाणूंची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे सोडायचे नाहीत. रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं, ते कुजून अमोनिया तयार होतो. मित्राच्या जुन्या फिशटँकच्या फिल्टरमधला स्पंज मिळाला तर त्यात पिळा, काम लवकर होतं. टेस्ट किटवर आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं की मग मासे. किटचा रंग भर दिवसा, सावलीत, पांढऱ्या कागदासमोर बघा. रोज मोबाईलवर फोटो काढून ठेवला तर बदल चटकन कळतो. ट्यूबलाईटखाली मी पिवळ्याला हिरवं समजलो होतो.

पीएच 7 वरून 8 वर गेला की तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. बोअरचं जड पाणी असेल तर हे ध्यानात ठेवा. त्याचा फायदाही आहे: जिवाणू काम करतात तसा पीएच हळूहळू उतरतो, आणि जड पाणी त्याला आधार देतं. 7 च्या आसपास राहिला तर मासे, झाडं, जिवाणू तिघांचंही भागतं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते मासे आणि जिवाणू दोघांनाही मारतं. इथे मनमाडकर जिंकतात! आपलं पाणी उघड्या ड्रममध्ये दिवसेंदिवस उभंच असतं, क्लोरीन उडून जातं. पाणी आलेल्या दिवशी मात्र ताजं पाणी माशांना देऊ नका, दोन दिवस थांबा. झाकलेल्या टाकीतलं असेल तर आणखी थांबा.

कोणते मासे, किती झाडं?

थाई मांगूर पाळायला देशात बंदी आहे, तिलापियाला शासनाच्या परवानगीची अट. शिकण्यासाठी गोल्डफिश किंवा कोई बरे. मी दहा घेतले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने 2014 मध्ये छोट्या अ‍ॅक्वापोनिक्सवर एक पुस्तिका काढली, तिच्यात पालेभाज्यांसाठी एका चौरस मीटरला रोज 40 ते 50 ग्रॅम खाद्य धरलं आहे. माझे दहा लहान मासे मिळून खातात चार ग्रॅम. म्हणजे आख्खा वाफा भरायचा नव्हता! मी भरला, आणि पालक पिवळा पडला. आता एका कोपऱ्यात पुदिना, थोडा पालक, बाकी खडी मोकळी. मासे वाढतील तशी झाडं वाढवायची.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं दिसलं तर लोह कमी आहे. कृषी सेवा केंद्रात ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड आयर्न मागा, कारण जड पाण्यात ईडीटीए टिकत नाही. पाणी लालसर होतं, घाबरू नका. मावा पडला तर हाताने पुसा. औषध मारायचं नाही, नीम तेलसुद्धा नाही. गल्लीत डासांची धुरळणी आली की ड्रमवर ओली चादर टाकून एअर पंप तेवढा वेळ बंद करा, नाहीतर तो धूर थेट पाण्यात ओढतो.

लाईट गेली तर

गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. 20 अंशाला लिटरमध्ये साधारण 9 मिलिग्रॅम, 30 अंशाला साडेसात. म्हणून हिरवी नेट हवीच, आणि मोटरपासून वेगळा, चोवीस तास चालणारा बॅटरीवाला एअर पंपही हवा. मी तो नंतर घेऊ म्हणालो. मे महिन्यात दुपारी लाईट गेली तेव्हा मी नाशिकला होतो. वायफायवर चालणारा अलर्ट मी मोठ्या हौसेने बसवला होता, पण लाईटबरोबर राऊटरही गेला. अलर्ट पाठवणार कोण? शेजारच्या काकूंना मासे पाण्याच्या वर तोंड काढताना दिसले, त्यांनी तांब्याने पाणी उंचावरून ओतत तासभर काढला.

त्यानंतर घरातला जुना अँड्रॉइड फोन कामाला लावला. सिम टाकलं, गच्चीच्या जिन्यात सावलीला, मोटरच्याच बोर्डावर चार्जिंगला लावला. मॅक्रोड्रॉइडसारख्या ऑटोमेशन अ‍ॅपमध्ये एकच नियम: चार्जिंग तुटलं की माझ्या नंबरवर कॉल. फोनला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे लाईट नसतानाही कॉल येतो. अ‍ॅपला बॅटरी सेव्हरमधून वगळायला विसरू नका, नाहीतर फोन त्याला झोपवतो. सिमचा रिचार्ज संपण्याची तारीख मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आहे. त्याच कॅलेंडरवर आई नळाला पाणी आलेले दिवस लिहिते.