गॉथिक हस्तलिपी

मध्ययुगीन पश्चिम व मध्य युरोपात बाराव्या शतकापासून रूढ झालेल्या लॅटिन हस्तलेखनप्रकारांचे सामुदायिक नाव. उत्तर फ्रान्स, इंग्लंड व लगतच्या प्रदेशांत कॅरोलिंजियन लिपीतून हे प्रकार क्रमाने घडले. आरंभाचा नेमका काळ व ‘गॉथिक’ या नावाची योग्यता यांविषयी मतभेद आहेत.

ओळख : पानाच्या दाट, काळसर तोंडवळ्यावरून प्रकार ठरवणे धोक्याचे असते, अक्षरेच तपासावी लागतात. डच अभ्यासक जी. आय. लीफ्टिंक यांनी १९५३ मध्ये सुचवलेल्या तीन खुणा आजही सर्वांत उपयुक्त आहेत. ‘ए’ दोन कप्प्यांचा आहे की एका. ‘बी’, ‘एच’, ‘के’, ‘एल’ यांच्या उंच दांड्यांना वळसा आहे की नाही. ‘एफ’ व लांब ‘एस’ ओळीवर थांबतात की खाली उतरतात. दोन कप्प्यांचा ‘ए’, बिनवळशाचे दांडे आणि ओळीवर थांबणारे ‘एफ’-‘एस’ म्हणजे टेक्स्टुआलिस. एक कप्पा, वळसे व खाली उतरणारी अक्षरे म्हणजे कुर्सिवा. कुर्सिवासारखीच अक्षरे, पण वळसे नाहीत, तर हिब्रिडा. आल्बर्ट देरोलेझ यांनी २००३ च्या ग्रंथात ही चौकट विस्तारली व वळसे कधी देणाऱ्या, कधी गाळणाऱ्या लेखनाला सेमिहिब्रिडा म्हटले. ही परिभाषा सर्वांनी स्वीकारलेली नाही. जुन्या कुर्सिवात ‘ए’ दोन कप्प्यांचाच असतो, म्हणून एकट्या ‘ए’वर निर्णय देऊ नये.

टेक्स्टुआलिस : धर्मग्रंथांची व प्रार्थनाग्रंथांची भारदस्त लिपी. शेजारशेजारच्या दोन अक्षरांच्या गोलाया एकमेकींत मिसळतात आणि गोल अक्षरानंतर ‘आर’ही वळणदार येतो, हे नियम विल्हेल्म मेयर यांनी १८९७ मध्ये मांडले. उभ्या दांड्यांच्या पायांशी चौकटी आकार असेल तर क्वाद्राता, पाय सपाट कापलेले असतील तर प्रेसिस्सा. प्रेसिस्साचे सपाट पाय साधायला विलक्षण कसब लागे. ‘आय’, ‘एम’, ‘एन’, ‘यू’ ही सारी अक्षरे सारख्याच आखूड दांड्यांची असल्याने शब्द लावणे अवघड जाते. ‘आय’वरची बारीक रेघ तेथे वाचकाच्या मदतीला येते.

इंग्लंड : एम. बी. पार्क्स (१९६९) यांच्या परिभाषेनुसार येथे अँग्लिकाना व सेक्रेटरी हे दोन जलद लेखनप्रकार मानतात. अँग्लिकानात दोन कप्प्यांचा ‘ए’, ओळीखाली लांबणारा ‘आर’ आणि आठच्या आकड्यासारखा ‘जी’ दिसतो. चौसरच्या ‘कँटरबरी टेल्स’ची एल्झमिअर प्रत तिच्याच नेटक्या रूपात आहे. एका कप्प्याच्या ‘ए’ची सेक्रेटरी चौदाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सकडून आली. दोहोंचे मिश्रण पंधराव्या शतकात सर्रास आढळते.

रोटुंडा : इटली व स्पेनमधील गोलसर प्रकार, बोलोन्याच्या कायदाग्रंथांत विशेष.

बास्तार्दा : पंधराव्या शतकात बर्गंडीच्या दरबारी ग्रंथांत वैभवाला पोहोचली.

कालनिर्णय : लेखनप्रकारावरून काळ अंदाजेच ठरतो. पानाची आखणी पुष्कळदा अधिक बोलकी असते. आखलेल्या पहिल्या रेघेच्या वर मजकूर सुरू करण्याची रीत तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात मागे पडून तो रेघेखाली सुरू होऊ लागला, हे एन. आर. केर यांनी १९६० मध्ये दाखवले. त्यामुळे टेक्स्टुआलिसचे पान हाती आले, की अक्षरांइतकेच पहिल्या रेघेकडे पाहतात.