शिवणयंत्र, काडतूस आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग

१८९४ साली स्वीडनच्या एस्किल्स्टूना गावातील सरकारी रायफल कारखान्यातून काही माणसे जर्मनीत ओबेर्नडॉर्फ येथे गेली. तेथे माउझर कंपनीचा कारखाना होता. स्वीडनने आपल्या सैन्यासाठी माउझर रायफल निवडली होती, आणि पुढे ती स्वदेशातच बनवायची होती. या पथकात कार्ल एडवर्ड योहान्सन नावाचा तीस वर्षांचा शस्त्रकारागीर होता. ओबेर्नडॉर्फला त्याचे लक्ष रायफलींपेक्षा त्या तपासणाऱ्या गेजांनीच वेधून घेतले. प्रत्येक मापासाठी पोलादाचा एक स्वतंत्र तुकडा, असे शेकडो तुकडे तेथे होते. हेच सारे एस्किल्स्टूनाला नव्याने घडवायचे तर किती वर्षे लागतील, हा हिशेब परतीच्या आगगाडीत त्याच्या डोक्यात सुरू झाला. त्या हिशेबातून जे निघाले ते आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक यंत्रशाळेत आहे. त्याचे मूळ मात्र एका पितळी पुंगळीत आहे.

बंदुकीतून गोळी सुटल्यावर जमिनीवर पडते ती पुंगळी. गोळी, दारू आणि प्रायमर यांना एकत्र धरून ठेवणे हे तिचे दिसणारे काम. खरे काम त्यानंतरच्या क्षणार्धात होते. दारू पेटली की वायूचा प्रचंड दाब पुंगळीला चेंबरच्या भिंतीवर चिकटवतो आणि मागची वाट बंद करतो. त्यामुळे सारा वायू गोळीच्या पाठीमागे लागतो, नेमबाजाच्या डोळ्याकडे येत नाही. दाब ओसरताच पितळ किंचित आकसते आणि पुंगळी सुटी होते. फुगणे आणि आकसणे ही दोन्ही कामे नीट व्हायची असतील तर पुंगळी आणि चेंबर यांच्यात नेमकी तेवढीच मोकळीक हवी. पुंगळी लांब असेल तर बोल्ट बंदच होणार नाही. ती आखूड असेल, किंवा चेंबर खोल असेल, तर स्फोटाच्या वेळी पितळ ताणले जाते, बुडाशी तडकते, आणि तापलेला वायू मागे उसळतो. पुष्कळ रायफलींत ‘चालेल’ आणि ‘चालणार नाही’ यांच्यातील अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके, म्हणजे जवळपास माणसाच्या केसाएवढे असते.

एकोणिसाव्या शतकातील सैन्यांना हा धडा रणांगणावर मिळाला. सुदानमध्ये १७ जानेवारी १८८५ रोजी अबू क्लीच्या लढाईत ब्रिटिशांच्या मार्टिनी-हेन्री रायफली ऐन हल्ल्यात अडकल्या. कर्नल बॉक्सरच्या रचनेची ती काडतुसे पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली होती. उष्णता आणि वाळू यांच्यापुढे असा पत्रा चेंबरमध्ये रुतून बसे. त्यानंतर ब्रिटिशांनी एकाच पितळी चकतीपासून टप्प्याटप्प्याने ओढून घडवलेली सलग पुंगळी स्वीकारली. अमेरिकेत १८७६ साली लिटल बिगहॉर्नला कस्टरच्या तुकडीचा नाश झाला, तेव्हाही दोष तांब्याच्या पुंगळ्यांवर ढकलला गेला. तेथे १९८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन करून पुंगळ्या तपासल्या, तेव्हा उचकटून काढल्याच्या खुणा फारच थोड्यांवर सापडल्या. पराभवाचे खापर धातूवर फोडणे सोयीचे असते. तरीही पुंगळी अडकण्याची भीती खोटी नव्हती आणि तिला उत्तर द्यावे लागणारच होते.

ते उत्तर म्हणजे गेज. गेज मोजत नाही, हे येथे लक्षात घ्यावे. त्यावर आकडा वाचायचा नसतो. वस्तू आत जाते की नाही, एवढेच ते सांगते. अठराव्या शतकात फ्रान्सच्या तोफखान्यात ग्रिबोव्हालने सुधारणा केल्या, तेव्हा तोफगोळे तपासण्यासाठी दोन कड्या असत, एक मोठी आणि एक किंचित लहान. गोळा मोठीतून गेला पाहिजे आणि लहानीतून जाता कामा नये. आजच्या कारखान्यांतील ‘गो’ आणि ‘नो-गो’ ही जोडी याच कड्यांची वंशज आहे. अक्षरओळख नसलेला मजूरही या कड्यांनी अचूक निवाडा करू शकतो. त्यातच त्यांची ताकद होती आणि त्यातच भांडणाचे बीजही होते.

कारण निवाडा तोवर कारागिराच्या हातात होता. जुना बंदूककार एक भाग दुसऱ्याला कानस मारून बसवी, आणि त्याची प्रत्येक बंदूक वेगळी असे. ऑनोरे ब्लाँ या फ्रेंच बंदूककाराने गेजांच्या आधारे असे चाप घडवले की ढिगातून कोणतेही भाग उचलावेत आणि जोडावेत. १७८५ साली थॉमस जेफरसनने पॅरिसमध्ये स्वतःच्या हातांनी असे काही चाप जोडून पाहिले आणि ती बातमी पत्राने मायदेशी कळवली. ब्लाँची कल्पना फ्रान्समध्ये मूळ धरू शकली नाही. अमेरिकेत ती रुजली, पण सहजासहजी नव्हे. एली व्हिटनीने १८०१ मध्ये वॉशिंग्टनला दाखवलेले प्रात्यक्षिक शाळेच्या पुस्तकांत गाजते, मात्र त्याच्या बंदुकांचे भाग खऱ्या अर्थाने अदलाबदलीयोग्य नव्हते, हे पुढच्या संशोधनाने दाखवून दिले. ते श्रेय हार्पर्स फेरीच्या जॉन हॉलकडे जाते. १८२० च्या दशकात त्याने आपल्या एका रायफलीसाठी त्रेसष्ट गेज वापरले. त्याच गावच्या शस्त्रशाळेत कडक शिस्त लादणाऱ्या थॉमस डन या अधीक्षकाला १८३० साली एबेनेझर कॉक्स या कारागिराने गोळी घातली. कॉक्सला फाशी झाली, पण तो कारागिरांच्या मनात वीर ठरला आणि पुढच्या अधिकाऱ्यांना त्याच्या नावाने धमकावले जाऊ लागले. रोष शिस्तीवर होता, गेजांवर नव्हता, असे म्हणता येईल. तरी घड्याळ, हजेरी आणि गेज ही एकाच व्यवस्थेची अंगे होती, आणि ज्याच्या हाताचे कसब या व्यवस्थेने निरुपयोगी ठरवले त्याला त्यांतला फरक जाणवत नव्हता.

या पार्श्वभूमीवर योहान्सनची अडचण पाहावी. स्वीडिश माउझरच्या काडतुसाला बाहेर आलेला काठ नव्हता. जुन्या काडतुसाचा काठ चेंबरच्या तोंडावर अडकून खोली ठरवी. ६.५ मिलिमीटरचे हे नवे काडतूस बाटलीसारखे होते, आणि त्याची खोली उतरत्या खांद्यावर ठरे. उतरत्या पृष्ठभागावरून माप घेणे काठावरून घेण्यापेक्षा बरेच नाजूक काम. त्यातच रायफलीच्या प्रत्येक भागाला प्रत्येक मापाचे स्वतंत्र गेज लागणार. ते झिजणार, म्हणजे ते तपासायला आणखी गेज लागणार. शेवटी प्रश्न उरतो तो हा, की गेजाला गेज कोण?

योहान्सनचे उत्तर असे होते, की प्रत्येक मापासाठी तुकडा घडवू नये. थोडे तुकडे घडवावेत आणि त्यांच्या बेरजेतून मापे काढावीत. त्याने १०२ ठोकळ्यांचा संच योजला. पहिल्या मालिकेत ४९ ठोकळे, १.०१ पासून १.४९ मिलिमीटरपर्यंत, प्रत्येकी शंभराव्या भागाने वाढणारे. दुसऱ्या मालिकेतही ४९, अर्ध्या मिलिमीटरपासून २४.५० पर्यंत, अर्ध्या-अर्ध्याने वाढणारे. तिसऱ्या मालिकेत फक्त चार: २५, ५०, ७५ आणि १००. समजा ४१.३७ मिलिमीटर हवे आहेत. पहिल्या मालिकेतून १.३७ उचलावा, दुसरीतून १५, तिसरीतून २५, आणि तिन्ही एकमेकांवर ठेवावेत. अशा रीतीने १०२ तुकड्यांतून सुमारे वीस हजार मापे निघतात. हे गणित शाळकरी मुलालाही जमेल. अवघड होते ते ठोकळे घडवणे, कारण तीन ठोकळे रचले की तिघांच्या चुका एकत्र येतात. बेरीज शंभराव्या भागापर्यंत खरी राहायची तर प्रत्येक ठोकळा त्याहून कितीतरी अधिक अचूक हवा.

त्यासाठी लागणारे यंत्र त्याच्यापाशी नव्हते. त्याने एस्किल्स्टूनाच्या आपल्या घरी पत्नीचे शिवणयंत्र घेतले आणि त्याचे रूपांतर घासण्याच्या यंत्रात केले. कठीण केलेल्या पोलादाचे तुकडे तो त्यावर बारीक अपघर्षकाने घाशी, थंड होऊ देई, तपासी आणि पुन्हा घाशी. थंड होऊ देणे ही येथे चैन नव्हती. शंभर मिलिमीटरचा पोलादी ठोकळा एका अंशाने तापला तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून थोडा अधिक वाढतो, म्हणजे नुसत्या तळहाताच्या उबेनेही माप बिघडते. पत्नीचे नाव मार्गारेटा होते. तिचे यंत्र तिला परत मिळाले का, हे प्रत्येक वाचक विचारतोच. इतिहासकारांची पुस्तके मात्र ठोकळ्यांकडे वळतात.

या घासण्यातून एक विलक्षण गोष्ट साधली. ठोकळ्यांचे पृष्ठभाग इतके सपाट झाले की एकावर दुसरा किंचित दाबून सरकवला तर दोन्ही घट्ट चिकटत, आणि ओढून सुटत नसत. पुष्कळांना वाटे की बाहेरच्या हवेचा दाब त्यांना धरून ठेवतो. परंतु इंग्रज अभियंता व्हिटवर्थ याच्या सपाट पाट्यांवर टिंडॉल या शास्त्रज्ञाने त्याआधीच निर्वात जागेत प्रयोग केला होता, आणि तेथेही त्या सुटल्या नव्हत्या. धातूच्या कणांचे आकर्षण आणि पृष्ठभागावरील द्रवाचा अतिसूक्ष्म थर यांचे ते काम आहे. योहान्सनला या चिकटण्याचा व्यावहारिक लाभ झाला. रचलेले ठोकळे एकसंध पोलादासारखे वागत आणि मधल्या फटीची चूक बेरजेत शिरत नसे.

स्वीडनमधले पेटंट त्याला २ मे १९०१ रोजी मिळाले. त्यानंतर रायफल मागे पडली आणि मोटारगाडी पुढे आली. अमेरिकेत कॅडिलॅकच्या हेन्री लेलँडने हे ठोकळे लवकर आपलेसे केले. लेलँडचे घडणही शस्त्रकारखान्यांत झाले होते. १९२३ साली योहान्सन हेन्री फोर्डच्या नोकरीत गेला. मधल्या काळात त्याने एक निर्णय घेतला, जो कोणत्याही सरकारने त्याला घ्यायला सांगितला नव्हता. अमेरिकेचा इंच २५.४ मिलिमीटरहून नखभरही म्हणता येणार नाही इतका मोठा होता, ब्रिटनचा अतिसूक्ष्म प्रमाणात लहान. १९१२ च्या सुमारास त्याने आपले इंचाचे ठोकळे २० अंश सेल्सिअसला नेमक्या २५.४ मिलिमीटरवर घडवले. कारखान्यांनी तेच ठोकळे प्रमाण मानले, आणि १९५९ साली इंग्रजी भाषिक देशांनी तोच इंच स्वीकारला. संसदांच्या आधी एका कारागिराच्या ठोकळ्याने इंच ठरवला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पहिल्या महायुद्धात पुंगळी आणि गेज यांचे नाते पुन्हा उघडे पडले. १९१५ मध्ये ब्रिटनमध्ये तोफगोळ्यांचा तुटवडा राजकीय संकट बनला. गोळे बनवायला कारखाने उभे राहिले, पण ते तपासण्याचे गेज पुरेसे नव्हते. गेज तपासण्याचे काम टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेवर येऊन पडले. अमेरिकेत स्वीडिश ठोकळे मिळेनासे झाले, तेव्हा विल्यम होक याने राष्ट्रीय प्रमाण संस्थेत स्वतःच्या पद्धतीचे ठोकळे घडवले. ते चौरस होते आणि त्यांच्या मध्यभागी छिद्र होते. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आणि आयटीआयच्या कार्यशाळांत ‘स्लिप गेज’ या नावाने जी लाकडी पेटी जपून उघडली जाते, ती योहान्सनच्या संचाचीच वारसदार आहे.

आता ज्या पुंगळीपासून आरंभ झाला तिच्याकडे परत यावे. अमेरिकेत रिकामी पुंगळी पुन्हा भरण्याची परंपरा जुनी आहे. १८८० च्या दशकात फ्रँकफर्ड शस्त्रशाळेने सैनिकांच्या नेमबाजीच्या सरावासाठी पुनर्भरणाची हत्यारे दिली, आणि १८८४ पासून जॉन बार्लोच्या आयडियल कंपनीने ती शिकाऱ्यांना व नेमबाजांना विकली. एकदा वापरलेली पुंगळी मूळ मापाची राहत नाही. ती ताणलेली असते, आणि साच्यात दाबून तिचा खांदा मागे सारावा लागतो. किती मागे, हा सारा प्रश्न. कमी सारला तर बोल्ट अडतो. जास्त सारला तर पुढच्या बारानंतर पितळ बुडाशी पातळ होत जाते, आणि हे बाहेरून दिसत नाही.

म्हणून पुनर्भरण करणारा छंदिष्ट आपले गेज स्वतः घडवू पाहतो. त्याची रीत ग्रिबोव्हालला ओळखू आली असती. ज्या रीमरने बंदुकीचे चेंबर कापले जाते, त्याच रीमरने लेथवर पोलादाच्या तुकड्यात तसेच छिद्र कापायचे. हे त्या चेंबरचे जुळे भावंड. त्यात पुंगळी सोडली की तिचे बूड तुकड्याच्या टोकाशी येते. टोकावर दोन पायऱ्या कोरलेल्या असतात, एक किंचित उंच, एक किंचित खाली. बूड या दोघींच्या मध्ये आले तर पुंगळी चालेल. वर उरले किंवा खाली गेले तर ती बाजूला टाकायची. नखाने चाचपूनही हा फरक कळतो, डोळ्यांची गरज लागत नाही.

त्या दोन पायऱ्यांमधली उंची मिलिमीटरच्या शतांशांत असते. ती बरोबर कापली गेली का हे पाहण्यासाठी घडवणारा तुकडा सपाट पाटावर ठेवतो, शेजारी ठोकळ्यांची रास चिकटवतो आणि दोन्हींवरून डायलची सुई फिरवतो. सुई हलली नाही तर काम झाले. हलली तर तुकडा पुन्हा लेथवर जातो, आणि त्याआधी तो थंड होईपर्यंत थांबावे लागते.