वस्तऱ्याचं कूळ

‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ ही म्हण आज चेष्टेपुरती उरली आहे. तुंबडी लावून अंगातलं रक्त ओढून काढणं हे एकेकाळी खरोखरच न्हाव्याचं काम होतं. ‘हजामत’ हा शब्दही त्याच कामातून आला. मूळ अरबी ‘हिजामा’ म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणं. दाढीशी त्याचा काही संबंध नव्हता. वस्तरा आला फारसी ‘उस्तुरा’वरून. त्याआधी आपल्याकडे ‘क्षुर’ होताच. क्षौर हा शब्द त्याच्यावरून झाला, सुरी त्याचीच लेक, आणि ग्रीकांचा ‘क्सुरॉन’ हा त्याचा दूरचा भाऊबंद. वाटणी मात्र मजेशीर झाली: भाजी चिरणारीनं संस्कृत माहेर राखलं आणि गालावरून फिरणारा फारसी घराण्यात दत्तक गेला.

नाव परकं असलं तरी वस्तऱ्याच्या पोलादाच्या कथेत हिंदुस्थानला मोठा मान आहे. 18 व्या शतकाच्या अखेरीस मुंबईत असलेल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी ‘वुट्झ’ या देशी पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. 1795 मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर रॉयल सोसायटीत निबंध वाचला. पुढे जेम्स स्टोडार्ट हा लंडनचा नामांकित हत्यारकार मायकेल फॅरेडेला सोबत घेऊन त्या पोलादामागे लागला. वीज आणि चुंबकाच्या प्रयोगांनी जग हलवणारा हाच फॅरेडे. 1820 च्या आसपास त्यानं आपल्या मिश्र पोलादाचे वस्तरे करवून मित्रांना भेट दिले होते. नंतरच्या काळात शेफील्डचे आणि जर्मनीतल्या झोलिंगेनचे वस्तरे समुद्रापार येऊन आपल्या न्हाव्यांच्या धोकटीत बसले.

पातं कुठूनही येवो, ते जगवायचं काम इथल्याच हातांचं. वस्तरा घडतो एकदा आणि लागतो हजार वेळा. म्हणून त्याचं खरं कूळ शोधायचं तर भट्टीपाशी थांबून चालत नाही, धार लावणाऱ्याच्या दारी जावं लागतं. सातारा-सांगलीकडे त्याचं नाव शिकलगार. अरबीत ‘सैकल’ म्हणजे हत्याराला झिलई देणं. त्यातून फारसी ‘सैकलगर’ आणि मराठी शिकलगार. तलवारीचा गंज काढायचा, धार लावायची, सैल झालेली मूठ पक्की करायची, हे त्यांचं काम. या भागात आजही ते आडनाव जागोजागी भेटतं.

1848 मध्ये इंग्रजांनी साताऱ्याचं राज्य खालसा केलं. तलवारींचे दिवस तर त्याआधीच मावळू लागले होते. त्याच सुमारास, 1850 च्या आगेमागे, मिरजेच्या एका शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी हत्यारं बाजूला ठेवून तंतुवाद्यं हाती घेतली. घराण्याचं नावच पुढे ‘सतारमेकर’ पडलं. वरवर पाहता ही मोठी उडी वाटते, पण हाताला ती तेवढी लांब नसावी. सतारीची घोडी जुन्या काळी सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची असे, आणि जवारी काढायची म्हणजे त्या घोडीचा माथा कानसीनं केसभर घासून तार बोलती करायची. जरा जास्त घासलं की सूर बिघडला. वस्तऱ्याच्या धारेचंही तसंच.

शिंग वस्तऱ्यालाही लागतं. घडीच्या वस्तऱ्याची मूठ म्हणजे दोन पातळ पट्ट्या, मागच्या टोकाशी मध्ये एक पाचर, पुढच्या टोकाला पात्याच्या शेपटीतून आरपार गेलेला पितळी खिळा. म्हशीचं शिंग तापवलं की मऊ पडतं, मग दाबून सपाट करतात. कापायचं, कानस मारायची, भोकं पाडायची आणि खिळ्याचं डोकं लहान हातोडीनं हलके हलके ठोकून बसवायचं. घाई केली की शिंग तडकतं. खरी परीक्षा पाचरेची. ती चुकली तर वस्तरा मिटताना धार मध्यावर न बसता मुठीला घासते आणि सगळी मेहनत फुकट जाते. शिसवी लाकडाचीही मूठ देखणी होते. 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात आलेलं सेल्युलॉइड स्वस्त आणि रंगीत खरं, पण जुनं होऊन कुजू लागलं की त्यातून निघणाऱ्या आम्लानं पातंच गंजतं.

वस्तरा खाली ठेवण्यालाही इतिहास आहे. विधवांचं सक्तीनं केशवपन होत असे तेव्हा, 1890 मध्ये, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातल्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतले न्हावी एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. हातावर पोट असलेल्या माणसांनी हातातलं काम नाकारणं ही साधी गोष्ट नव्हती.

वस्तऱ्याला खरा धक्का दिला तो पत्र्याच्या पातळ पात्यानं. किंग कँप जिलेटनं 1903 मध्ये अवघे 51 रेझर विकले. पुढच्या वर्षी विक्री हजारांवर गेली. आपल्याकडे सलूनमधला वस्तरा त्यानंतरही बरीच वर्षं टिकला. 1986 मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले आणि पुढे गिऱ्हाईक ‘नवं ब्लेड लावा’ म्हणू लागलं. आता त्याच आकाराच्या दांडीत अर्धं ब्लेड अडकवतात आणि काम झालं की फेकतात. ते योग्यच झालं. मात्र चामड्याच्या पट्टीचा तो सपसप आवाज त्याबरोबर गेला.

जुना वस्तरा अजूनही एखाद्या माळ्यावरच्या ट्रंकेत निघतो. तो सापडलाच तर कृपा करून पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरू नका. पातं तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं, मग धार टिकत नाही. बारीक पॉलिश पेपर घ्या, तेल घ्या आणि हातानं, थंडपणे गंज काढा. निसण्यावर घासताना पात्याची पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकलेली असू द्या. चामड्यावर फिरवताना पाठ पुढे, धार मागे. मूठ तडकली असेल तर खिळा काढून नवी करा, पण जुनी टाकू नका. नव्या मुठीचं माप तिच्यावरूनच घ्यावं लागतं.