तंबू ठोकण्याआधी : मुळशीच्या पाण्याखालचा इतिहास

१/ पावसाळा सरला की पुण्या-मुंबईकडील मित्रमंडळींत एकच चर्चा सुरू होते : यंदा मुळशी की पवना? तलावाकाठी तंबू, शेकोटी, आणि ज्यांना जमिनीवर झोपणे सोसत नाही त्यांच्यासाठी पलंग-गादी असलेला आलिशान तंबू. सामानाच्या यादीत एक प्रश्नही लिहून ठेवावा. ज्या पाण्याकाठी आपण रात्र काढणार, ते पाणी तेथे आले केव्हा? या साखळीत मुळशीपुरते त्याचे उत्तर पाहू.

२/ प्रथम एक गैरसमज दूर करू. वळवण, शिरवटा, ठोकरवाडी, मुळशी, पवना ही सारी नावे आपण ‘तलाव’ म्हणून घेतो, परंतु यांतील एकही निसर्गनिर्मित नाही. प्रत्येकाला भिंत आहे, आणि भिंतीला बांधणीचे वर्ष आहे. मुळशीचे पाणी १९२७ पासूनचे. त्यापूर्वी तेथे नीला आणि मुळा या नद्यांचे खोरे होते, आणि खोऱ्यात माणसे राहत होती.

३/ हा मावळचा प्रदेश. डोंगरउतारांवर नाचणी-वरई आणि खाली नदीकाठच्या खाचरांत भात. मुळशीचा आंबेमोहर आजही नावाजलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, माती धरून ठेवून अशी खाचरे तयार होतात. म्हणूनच ‘जमिनीच्या बदल्यात रोख रक्कम’ हा व्यवहार येथील कुणब्याला पटणे कठीण होते. पैसा खर्चून संपतो, आणि तसे खाचर दुसरीकडे विकत मिळत नाही.

४/ दुसऱ्या बाजूला मुंबई होती. तिच्या कापडगिरण्या कोळशावर चालत. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस अडवावा, ते पाणी कोकणात उतरवून वीज निर्माण करावी आणि गिरण्यांना पुरवावी, ही टाटांची योजना. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये. तिसरे भिरा येथे व्हायचे होते. त्यासाठी मुळशी पेट्यातील पन्नासाहून अधिक गावांना आणि सुमारे अकरा हजार माणसांना झळ पोहोचणार होती.

५/ जमीन घेण्याचे साधन तयारच होते : १८९४ चा भूसंपादन कायदा. या कायद्यान्वये ‘सार्वजनिक हिता’साठी सरकार जमीन संपादन करू शके, आणि येथे ती एका खासगी कंपनीच्या योजनेसाठी संपादन केली जात होती. सार्वजनिक हित म्हणजे नेमके कोणाचे, हा प्रश्न मावळातील शेतकऱ्याने शंभर वर्षांपूर्वी विचारला. त्याचे समाधानकारक उत्तर आजही सापडलेले नाही.

६/ १६ एप्रिल १९२१, रामनवमी. शेकडो मावळे धरणाच्या जागी जमले आणि कामाच्या ठिकाणीच ठाण मांडून बसले. हातात शस्त्र नव्हते. घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. विनायकराव भुस्कुटे यांनी या लढ्याची संघटना बांधली. पुढे पांडुरंग महादेव बापट त्याचे प्रमुख झाले. पारनेरचे बापट शिक्षणासाठी एडिंबरोला गेले होते आणि पॅरिसमध्ये बाँबची विद्या शिकून परतले होते. त्यांना ‘सेनापती’ ही उपाधी मुळशीनेच दिली.

७/ पहिल्या फेरीत यश आले. काम काही महिने थांबले. मात्र वर्षअखेरीस ते पुन्हा सुरू झाले आणि अटकसत्राला आरंभ झाला. स्त्रियाही तुरुंगात गेल्या. शिवरामपंत परांजप्यांसारख्या ख्यातनाम संपादकानेही या लढ्यात कारावास पत्करला.

८/ येथे या इतिहासातील सर्वांत अवघड गाठ लागते. समोर केवळ इंग्रज सरकार असते, तर बाजू निवडणे सोपे होते. पण धरण बांधणारी कंपनी देशी होती. देशी उद्योग वाढावेत, हा तर स्वदेशी चळवळीचाच आग्रह. मग देशी कारखान्यासाठी देशी शेतकरी उठवला गेला, तर राष्ट्रवादी पुढाऱ्याने कोणाच्या बाजूने उभे राहावे? पुण्यातील पुढाऱ्यांत यावरून मतभेद झाले.

९/ दुसरी गाठ खोऱ्याच्या आतच होती. मुळशीतील पुष्कळ जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या हाती गेलेली होती. कसणारा एक आणि मालक दुसरा. भरपाईचा पैसा दिसू लागताच सावकारांना लढ्यात राम वाटेना. जमीन गेली तर सावकाराला रक्कम मिळणार होती, आणि कुळाचे मात्र सर्वस्व जाणार होते. लढा आतून खचण्याचे हे एक मोठे कारण. ‘गावकरी विरुद्ध कंपनी’ अशी सरळ रेघ ओढली, तर हे कारण आपल्या नजरेतून सुटते.

१०/ लढा ओसरत असताना डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी निवडक सहकाऱ्यांसह, शस्त्रे घेऊन, धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. अहिंसक सत्याग्रहाची मर्यादा येथे ओलांडली गेली, हे मान्य केले पाहिजे. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण मात्र थांबले नाही. तरीही अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. नर्मदेच्या कितीतरी आधी, मुळशी.

११/ आता नकाशा उघडा. मुळा नैसर्गिक वाटेने पूर्वेकडे वाहते. मुळा-मुठा, भीमा, कृष्णा असा प्रवास करत तिचे पाणी बंगालच्या उपसागराला मिळते. मुळशीत अडवलेले पाणी मात्र बोगद्यातून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला उतरते, कुंडलिकेत जाते आणि अरबी समुद्राला मिळते. कोलाडला आपण ज्या लाटांवर तराफ्याची मौज लुटतो, त्या या वीजप्रकल्पातून सोडलेल्या पाण्याच्या. सकाळी मुळशी, दुपारी कोलाड असा बेत आखणारे नकळत एकाच इतिहासाच्या दोन टोकांना जाऊन येतात.

१२/ आणि पवना? ते धरण स्वातंत्र्योत्तर काळातले. भोवती लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना. हे चारही किल्ले १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावे लागले होते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की बुडालेले वाघेश्वराचे जुने मंदिर उघडे पडते. याच धरणाच्या पाण्याची बंद जलवाहिनी नेण्यास विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात मावळातील तीन शेतकऱ्यांचा बळी गेला. पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हा वाद १९२४ मध्ये संपला नव्हता.

१३/ मग जायचे की नाही? अवश्य जावे. फक्त बेत थोडा निराळा आखावा. तंबूची जागा घेताना ती स्थानिक गावकऱ्याची आहे का, हे विचारावे. आपला पैसा गावात राहिला तर उत्तम. जेवणाची सोय गावातल्या घरी करावी, आणि मिळाल्यास भात आंबेमोहराचा सांगावा. संथ दिसणाऱ्या पाण्यात उतरू नये. खाली खाचरांचे बांध आणि खोल नदीपात्र आहे, आणि काठ एकाएकी तुटतो. रात्री कर्णे लावू नयेत. आणलेला कचरा परत न्यावा.

१४/ आणि एखाद्या वयोवृद्ध गावकऱ्याशी बोलणे झाले, तर ‘इथून सूर्यास्त कुठून छान दिसतो?’ याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा : ‘तुमचं मूळ गाव कुठं होतं?’ काही ठिकाणी उत्तरादाखल बोट पाण्याकडे जाईल. आपण ज्याला निसर्गदृश्य म्हणत होतो, तो कोणाचा तरी पत्ता होता, हे त्या क्षणी उमगते.

१५/ रात्री तंबूत दिवा लागेल तेव्हा एवढे आठवावे : मुंबईत अशाच दिव्यांसाठी आणि गिरण्यांसाठी हे खोरे बुडाले. वीज नको होती, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण ती आपण रोज वापरतो. पण तिची किंमत कोणी मोजली, हे माहीत असण्याचे कर्तव्य मात्र आपल्यावर आहे.

तुमच्या भागातील जलाशयाखाली कोणते गाव आहे? घरातल्या जाणत्यांना विचारा आणि खाली लिहा.